अंगावर पाडून पाहिलेला तंबू

वापीच्या त्या दुकानात मी चपला काढून तंबूत शिरले, आडवी झाले, डोळे मिटले आणि नवऱ्याला म्हटलं, "हं, मोज."

तो मोबाईल घेऊन बाहेर उभा होता. दुकानात आणखी तीन गिऱ्हाइकं होती, त्यामुळे त्याने आधी इकडेतिकडे बघून घेतलं आणि मग चोरी केल्यासारख्या आवाजात "चल" म्हणाला. मी ताडकन उठले, दाराची चेन ओढली, ती निम्म्यात अडकली, तशीच रांगत बाहेर आले. ओढणी आत राहिली होती.

"एकोणीस सेकंद," नवरा म्हणाला.

"हा नको. दुसरा दाखवा," मी दुकानदाराला सांगितलं.

दुकानदार पिकल्या केसांचा, शांत माणूस. त्याच्याकडे येणारी माणसं पाऊस आत येतो का विचारत असतील, घडी केल्यावर केवढी पिशवी होते ते बघत असतील. उठाबशा काढणारी बाई त्याने पहिल्यांदाच पाहिली असणार. "बेन, आमां चार माणस आरामथी सूई जाय," तो गुजरातीत, समजावणीच्या सुरात म्हणाला.

"झोपायचं राहू द्या हो. झोपेतून उठून बाहेर किती वेळात येता येतं ते सांगा."

"बाहेर?" तो मराठीवर आला. "लोक आत बसायला तंबू घेतात, बेन."

त्याचं काही चुकत नव्हतं. बारा वर्षांची माझी लेक तेवढ्यात कोपऱ्यातल्या निळ्या तंबूत जाऊन पसरली होती आणि "मम्मी, हाच, हाच," असं ओरडत होती. तिला एवढंच ठाऊक होतं की दिवाळीच्या सुट्टीत आपण बोर्डीला समुद्रावर तंबू ठोकून राहणार. माझ्या मनात आणखी एक माणूस होतं, आणि त्याच्यासाठीच मी एवढी घायकुतीला आले होते.

सांगते सगळं.

माझं सासर तलासरीच्या डोंगराकडच्या एका पाड्यावर. भाताची, नागलीची शेती, कौलारू घर, पुढे सारवलेलं मोठं अंगण. काही वर्षांपूर्वी आमच्या त्या भागात जमीन हलायला लागली. एकदा हलून थांबली असती तर लोक विसरूनही गेले असते. पण हे महिनोन् महिने चाललं. कधी दिवसातून दोनदा, कधी आठवडाभर काहीच नाही, आणि जरा निर्धास्त व्हावं तर मांडणीवरची पातेली पुन्हा वाजायला लागायची. माणसं घरं सोडून अंगणात झोपायला आली. कुणाकडे तंबू होते, कुणी ताडपत्र्या ताणल्या. आम्हीही बांबूवर ताडपत्री टाकून, दोऱ्या बांधून, खुंट्या ठोकून आमचा तंबू उभा केला. डहाणूला आमचं तेव्हा दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं, पण तिथेही भिंती थरथरायच्या, म्हणून आम्ही सगळे गावीच मुक्कामाला होतो. मी तिथूनच सकाळी जीप पकडून शाळेत शिकवायला जायचे आणि नवरा रेल्वेच्या ड्युटीला.

त्या दिवसांत आमच्या घरात तंबूचे कायदे तयार झाले. पाय दाराकडे करून झोपायचं. दारात काही ठेवायचं नाही. आणि सगळ्यात मोठा कायदा म्हणजे दोरी नको आणि खुंटी नको. कारण एका पहाटे धक्का बसला, सगळे धावले आणि माझा नवरा दोरीत पाय अडकून असा काही आपटला की त्याचा पुढचा दात अंगणातच राहिला. आता आहे तो नकली. त्याच दिवशी सासूबाईंनी विळ्याने सगळ्या दोऱ्या कापून टाकल्या. "भूकंपात आमचा एवढाच काय तो बळी," असं नवरा अजून पाहुण्यांना हसत सांगतो.

पण ते तेवढंच नव्हतं. रात्री सगळे अंगणात असलो तरी दुपारी ताडपत्रीखाली जीव उकडायचा. एके दुपारी सासूबाई, म्हणजे आमच्या आई, नातीला घेऊन घरात आडव्या झाल्या. लेक तेव्हा पाच वर्षांची होती. धक्का बसला, कौल निसटलं आणि पोरीच्या कपाळाला लागलं. कासा गावातल्या दवाखान्यात तीन टाके पडले. मला शाळेत फोन आला, मी कशी पोचले ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की दवाखान्याच्या व्हरांड्यात आई भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्यांच्या पदरावर रक्त होतं, आणि मी शंभर माणसांसमोर ओरडले, "एक पोर सांभाळता आलं नाही तुम्हाला?"

आई मान खाली घालून उभ्या राहिल्या.

माझी जीभ तिखट आहे हे मला माहीत आहे. शाळेत पोरं मला घाबरतात, घरात नवरा घाबरतो, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचं थोडं बरंही वाटतं. पण त्या दिवसाचं ते वाक्य माझ्या घशात काट्यासारखं रुतून बसलं. पुढे धक्के विरळ झाले, लोक एकेक करून घरात झोपायला गेले. आमच्या आई गेल्या नाहीत. सात वर्षं झाली, त्या अंगणात मांडवाखाली बाजेवर झोपतात. पाऊस लागला की बाज ओट्याच्या कडेला ओढतात, पण उंबरठा ओलांडून आत झोपत नाहीत. दिवसा सगळं आत करतात, स्वयंपाक, झाडलोट, देवपूजा. पाठ टेकायची म्हटली की बाहेर. मी डहाणूला स्वतःच्या घरात आले तेव्हा चार दिवस राहायला बोलावलं तर म्हणाल्या, "तिसरा माळा? तिथून कुठं पळू?"

गेल्या पावसाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. चार दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "छाती कमजोर झाली आहे. या थंडीत यांना दवात झोपू देऊ नका. पुन्हा झालं तर मला सांगता येत नाही." मी हे आईंना सांगितलं. धाकट्या दिराने सांगितलं, त्याचं घर त्याच अंगणाला लागून आहे. नवऱ्याने हात जोडले. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी बाज झटकून अंगणात टाकली.

दिवाळी तोंडावर आली होती, दिवाळीनंतर दव. माझा जीव खालीवर होत होता. आणि त्यात लेकीने कॅम्पिंगचं टुमणं लावलं.

"तुला गं काय एवढं तंबूचं?" मी वैतागून विचारलं.

"मम्मी, लहानपणी आपण सगळे अंगणात तंबूत झोपायचो ना, ते माझे बेस्ट दिवस होते," ती म्हणाली. "आजी माझ्याशेजारी असायची, पप्पा घरी असायचे, तू ओरडायची नाहीस."

ज्या दिवसांत मी एकही रात्र धड डोळा लावला नव्हता, ते हिचे बेस्ट दिवस! आधी मला रागच आला. मग भाजी चिरता चिरता वाटलं, तंबू. आई घरात झोपत नाहीत, पण तंबूत झोपायच्या. तंबूला कौल नाही, भिंत नाही. बोर्डीला नातीबरोबर एक रात्र झोपल्या तर तोच तंबू अंगणात लावून देता येईल, निदान डोक्यावर काहीतरी येईल, दव तरी पडणार नाही. म्हणून मी वापीच्या दुकानात उठत-झोपत होते.

नवऱ्याने आठ दिवस मोबाईलवर तंबूंचा अभ्यास केला होता. कापड किती पाणी सोसतं, कांब्या फायबरच्या की अॅल्युमिनियमच्या, दोन पदरी की एक पदरी. मी म्हटलं, तुझं ते सगळं बरोबर असेल, पण आईंचे गुडघे वाकत नाहीत, त्या रांगत आत जाणार आहेत का? लुगड्याचा काष्टा सांभाळत? मला असा हवा होता की ज्यात त्या नुसती मान वाकवून शिरतील. दोन्ही बाजूंना दार हवं. आणि बिनदोरीचा उभा राहायला हवा. दुकानदाराने सहा दाखवले. लेकीचा निळा दिसायला सुरेख होता, पण त्याचं दार मांजराला पुरेल एवढंच. शेवटी मातकट हिरव्या रंगाचा, कुणीच पसंत न केलेला असा एक निघाला. उंच, दोन दारांचा. कांब्या एकमेकींत अडकवल्या की स्वतःच्या पायावर उभा. मी झोपून उठून बाहेर आले.

"सहा सेकंद," नवरा म्हणाला.

"बांधा," मी म्हणाले.

दुकानदाराने खुंट्यांची पिशवी आणि दोऱ्यांची गुंडाळी काढून वर ठेवली. "हे नको," मी ती परत सरकवली.

"बेन, समुद्रावर वारा येणार."

"आमच्याकडे वाऱ्याने कुणाचं काही बिघडत नाही. आमच्याकडे जमीन हलते."

त्याने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने वर छताकडे पाहिलं, आणि खुंट्या दुकानातच राहिल्या.

रविवारी तंबू घेऊन गावी गेलो. अंगणात उभा केला. आई नागलीची कणसं वाळत घालत होत्या, हात पुसत आल्या. भोवती एक चक्कर मारली. कापड चिमटीत धरून पाहिलं, कांब वाकवून पाहिली. मान वाकवून आत शिरल्या आणि मध्यभागी मांडी घालून बसल्या. मला वाटलं, जिंकलं!

"पाड," आतून आवाज आला.

"काय?" नवरा म्हणाला.

"पाड माझ्यावर. कसा पडतो बघू दे."

आम्ही तिघे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. नवरा म्हणाला, आई, नवीन आहे, फाटेल. आई म्हणाल्या, "उद्या रात्री पडायचा तो आज दिवसा पडू दे की. घाबरतोस कशाला? तुझ्यावर थोडाच पाडतेय." शेवटी त्याने एका बाजूच्या कांब्या काढल्या, मी दुसऱ्या बाजूच्या. हिरवं कापड फुस्स करून खाली बसलं. मध्ये आईंच्या डोक्याचा उंचवटा दिसत होता, बाकी काही नाही. दोन मिनिटं सगळं शांत.

"आजी?" लेकीने हाक मारली.

"हाय, हाय," आतून आवाज आला. "काय लागत नाय. डोक्यावर पदर घेतल्यावानी वाटतंय." मग कापडाखालून त्या चाचपडत दाराकडे निघाल्या, चुकल्या, परत फिरल्या, आणि लेक हसून हसून अंगणात लोळायला लागली. बाहेर आल्या तेव्हा आईंचे केस विस्कटले होते. "घ्या हाच," त्या म्हणाल्या, जसा काही त्यांनीच सहा तंबू पाहून निवडला होता. "येते मी बोर्डीला."

तंबू असा अंगावर पाडून विकत घेणारी माणसं जगात आमच्याशिवाय कुणी नसतील. पण मला विचाराल तर ती पारख एकदम पक्की आहे. कसा उभा राहतो ते सगळेच बघतात.

दिवाळीनंतरच्या शनिवारी दिराने आम्हाला त्याच्या गाडीने बोर्डीला सोडलं. माझ्या शाळेतल्या एका बाईंची तिथे समुद्राला लागून चिकूची वाडी आहे. त्यांनी वाडीत राहायला सांगितलं होतं, पण लेकीला वाळूतच तंबू हवा होता. सुरूच्या झाडांपुढे सपाट जागा बघून आम्ही तो उभा केला. दुपारचे दोन वाजले होते. आत चटई टाकली, पोरीचं दप्तर टाकलं, चिवड्याचा डबा ठेवला. नवऱ्याने फोटो काढायला आम्हाला तंबूसमोर उभं केलं. "जरा हसा की," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा एकदम बदलला.

मी वळून पाहिलं तर मागे तंबू नव्हता. तो वीस पावलांवर होता आणि पुढे जात होता.

वाऱ्याने त्याला आडवा केला होता आणि आता तो गडगडत, उड्या मारत सुरूच्या झाडांकडे निघाला होता. आतला चिवडा वाळूवर सांडत होता. नवरा धावला, लेक धावली, मी "धरा रे, धरा," ओरडत धावले, आणि सगळ्यांच्या पुढे, काष्टा आवळून, आमच्या न्यूमोनियातून उठलेल्या आई! तंबू दोन झाडांच्या मध्ये जाऊन अडकला तेव्हा आईंनी त्याची एक कांब पकडली होती आणि त्या हसत होत्या. खोकत होत्या आणि हसत होत्या. मी रागावायला तोंड उघडलं, पण मलाच हसू फुटलं.

वाडीचा रखवालदार कुंपणाशी उभा राहून सगळं बघत होता. "खुंट्या कुठंयत?" त्याने विचारलं.

त्याला काय सांगणार? खुंट्या आम्ही मुद्दाम घेतल्या नाहीत, कारण यांचा दात पडला? नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की दुकानातलं माझं बोलणं मला शब्दन् शब्द आठवलं. "बोल की," मी त्याला म्हटलं. "बोल, मनात ठेवू नकोस." तो शहाणा आहे, बोलला नाही.

मार्ग आईंनी काढला. रखवालदाराकडून चार रिकाम्या गोणी मागितल्या, नातीला घेऊन वाळू भरली, आणि तंबू वाडीत, झाडांच्या आडोशाला आणून आतल्या चार कोपऱ्यांत चार गोणी ठेवल्या. खळ्यावर भात वाळत घालताना प्लास्टिक उडू नये म्हणून असंच करतात. बाहेर दोरी नाही, पायात यायला काही नाही, आणि तंबू जागचा हलेना. नवऱ्याने चारही बाजूंनी धक्के मारून पाहिले. "हे त्या दुकानदाराला सांगायला हवं," तो म्हणाला.

सूर्य समुद्रात गेला, थोडं गार झालं. नवरा गावात जेवण आणायला गेला. लेक आत पसरून पुस्तक वाचत होती. मी अंथरुणं घातली, मधोमध आईंची जाड गोधडी. वळून पाहते तर आई गोधडी उचलून बाहेर नेत होत्या. तंबूच्या दारापासून दोन हातांवर, उघड्यावर, त्यांनी ती अंथरली आणि वर बसल्या.

"हे काय?"

"मी इथं बरी. तुम्ही झोपा आत."

"आई, दव पडायला लागलंय. डॉक्टर काय म्हणाले ते विसरलात?"

"नाय विसरले."

"मग तंबू कशाला अंगावर पाडून घेतलात? काही लागत नाही म्हणालात ना? आता काय राहिलं?"

"तंबू चांगलाच हाय," आई म्हणाल्या. "तंबूचं काय नाय."

मग माझा बांध फुटला. सात वर्षांचं सगळं एकदम तोंडात आलं. "माझा जीव घ्यायचा ठरवलाय का तुम्ही? सात वर्षं उघड्यावर झोपताय. मी त्या दिवशी दवाखान्यात बोलले, चुकलं माझं! हजारदा चुकलं! पोरीच्या कपाळावरचं रक्त बघून माझं डोकं फिरलं होतं. पण किती वर्षं शिक्षा द्याल मला? तुम्हाला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?" आणि मी तिथेच वाळक्या पाल्यावर बसून रडायला लागले. माझ्यासारखी बाई रडते तेव्हा फार वाईट दिसते, पण मला तेव्हा कशाचीच शुद्ध नव्हती.

आई मग म्हणाल्या, "तुझ्यामुळं नाय गो बाय. तू आपली कमीच बोललीस."



"धक्का बसला नि मी पळाले," आई म्हणाल्या. त्या हातांकडे बघत बोलत होत्या. "पोर बाजूला झोपलेली. तिला तशीच टाकून पळाले. अंगणात पोचले तवा बघितलं, हात रिकामे. पुढचं काय आठवत नाय. कुणाला सांगितलं नाय मी. तू ओरडलीस तवा वाटलं, हिला कळलं वाटतं. आत झोपले नि परत हललं, तर मी परत पळेन. माझाच भरवसा नाय मला. बाहेर झोपलं की पळायला तर नको."

मी त्यांचा हात धरला.

तंबूच्या दारातून लेकीचं डोकं बाहेर आलं. तिने सगळं ऐकलं होतं. "पण आजी," ती म्हणाली, "तू परत आलीस की."

"कधी?"

"तेव्हाच. मी उठून रडत होते. तू दारातून पळत आलीस. तुझ्या एकाच पायात चप्पल होती. आणि मला उचललंस ते उलटंच, माझं डोकं खाली नि पाय वर. मला सगळं घर उलटं दिसत होतं."

आई तिच्याकडे वळल्या. "तवा हलत होतं अजून?"

"हो तर! हंडे पडत होते धडाधड. वरून माती पडत होती."

"हलत होतं," आई स्वतःशी म्हणाल्या. मग पुन्हा तिला विचारलं, "नि मी आत आले?"

"आलीस ना. नाहीतर मी बाहेर कशी आले?" लेकीला हा प्रश्नच येडचाप वाटत होता. "आता ये ना आत, मला थंडी वाजतेय."

आईंनी डोळे पुसले नाहीत की काही नाही. पाणी गालावरून वाहत होतं तसंच वाहू दिलं. मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, गोधडी गोळा केली, मान वाकवून आत शिरल्या. "सरक जरा," त्या नातीला म्हणाल्या.

नवरा जेवणाच्या पिशव्या घेऊन आला तेव्हा मी बाहेर एकटीच बसले होते. "काय झालं? आई कुठंय?" त्याने विचारलं.

"आत," मी म्हणाले. "हळू बोल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वाडीत चहा पीत होतो. आईंनी बशी खाली ठेवली आणि अगदी सहज विचारलं, "तुमच्या डहाणूच्या घरात गादी टाकण्यापुरती जागा हाय काय?"

"आहे," मी म्हणाले.

"थंडीपुरतीच हां. पेरणीला मी गावात पाहिजे."

"थंडीपुरतीच," मी म्हणाले.

आई तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्याला आता तीन आठवडे झाले. पहिले दोन दिवस गादीवर नुसत्या बसून असायच्या, भिंतींकडे बघत. नात शेजारी झोपते. खोकला बराच कमी आहे. तंबू पोटमाळ्यावर ठेवलाय, लेकीचा आता डोंगरावर जायचा बेत शिजतोय आणि नवरा पुन्हा मोबाईलवर अभ्यास करतोय.

परवा रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी भांडी आवरत होते, तर आतल्या खोलीतून एक आवाज यायला लागला. आधी वाटलं, खाली कुणी गाडी चालू ठेवली आहे. जाऊन पाहिलं, तर आई कुशीवर झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं, आणि मोठमोठ्याने घोरत होत्या. एवढ्याशा बाईतून एवढा आवाज! मला हसू आवरेना. दिराला फोन लावला, म्हटलं, तुमची आई किती घोरते हो, तुम्ही इतकी वर्षं झोपलात तरी कसे?

"आई?" तो म्हणाला. "नाही वहिनी. आई घोरत नाही. उन्हाळ्यात माझी बाज तिच्या बाजेला लागूनच असते. या सात वर्षांत कधी आवाज नाही."

मी आतल्या खोलीकडे वळून पाहिलं. मग त्याचा आवाज आला, एकदम लहान पोरासारखा. "म्हणजे ती झोपायचीच नाही का, वहिनी?"

मी फोन घेऊन आतल्या खोलीच्या दारापाशी गेले आणि तो आईंच्या दिशेने धरून उभी राहिले, त्याला ऐकू जावं म्हणून.